स्मार्टवॉच घेतलेत? आधी त्याला गप्प करा

नवे स्मार्टवॉच पहिल्या संध्याकाळी काय करते? बँकेचा एसएमएस आला म्हणून थरथरते. सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या बिलावरून जुंपली म्हणून थरथरते. मावसभावाने फुलांच्या गुच्छासह 'शुभ रात्री' धाडले म्हणून थरथरते. आणि हे सगळे वाचत तुम्ही खुर्चीत बसून राहिलात, तर 'बराच वेळ बसला आहात, जरा उठा' हे सांगायला पुन्हा एकदा थरथरते. तीन-चार दिवस कौतुक टिकते, मग वैताग येतो, आणि हौसेने घेतलेली वस्तू चार्जरसकट कपाटाच्या खणात जाते. ओळखीपाळखीत विचारून पाहा, खणातली अशी घड्याळे पुष्कळ निघतील.

यात दोष घड्याळाचा थोडा आणि कंपनीने लावून दिलेल्या सेटिंगचा जास्त. घड्याळ खोक्यातून बाहेर येते तेव्हा त्यातली जवळजवळ प्रत्येक सोय चालू असते, कारण विकणाऱ्याला सगळे दाखवायचे असते. वापरणाऱ्याला सगळे नको असते. कोणते घड्याळ घ्यावे या वादात इथे पडायचे नाही. मॉडेले सतत बदलतात, आणि तुमचे तर घेऊन झाले आहे. पहिल्या पंधरवड्यात त्याच्याशी जुळवून कसे घ्यायचे, त्याचे कोणते आकडे मनावर घ्यायचे आणि कोणते हसून सोडून द्यायचे, एवढेच पाहू.

सुरुवात जोडणीपासून करू. फोनच्या ब्लूटूथच्या यादीत घड्याळाचे नाव दिसले की आपण सवयीने त्यावर बोट ठेवतो. तसे करू नका. आधी कंपनीचे अ‍ॅप उतरवून घ्या आणि जोडणी अ‍ॅपमधूनच करा. नाहीतर फोन म्हणतो घड्याळ जोडलेले आहे आणि अ‍ॅप म्हणते सापडत नाही, असा घोळ होतो. घड्याळावरून बोलायची सोय असलेल्या स्वस्त मॉडेलांत बहुधा दोन जोडण्या असतात, एक आकड्यांची आणि संदेशांची, दुसरी फोनच्या आवाजाची. यादीत एकाच घड्याळाची दोन नावे दिसली तर घाबरू नका. मनगटाशी तोंड नेऊन चारचौघांत बोलायची हौस नसेल तर दुसरी जोडणी करूच नका. बॅटरीही वाचेल आणि शेजाऱ्यांचे कानही.

'संदेश उशिरा येतात' किंवा 'दुपारनंतर येतच नाहीत' ही दुसरी नेहमीची तक्रार. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी न उघडलेली अ‍ॅप झोपवून टाकतो, त्यात घड्याळाचे अ‍ॅपही झोपते. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाचे वेगळे बटण असते, तेही चालू करा. घड्याळ बदलून मागण्याआधी एवढे करून पाहावे.

अ‍ॅप परवानग्या मागेल. नोटिफिकेशन वाचायची परवानगी दिल्याशिवाय संदेश मनगटावर येणार नाहीत, आणि फोन कोणाचा आला हे दिसायला संपर्कयादी लागते, हे समजण्यासारखे आहे. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथवरून जवळचे उपकरण शोधायलाही लोकेशनची परवानगी लागत असे. १२ पासून 'जवळची उपकरणे' अशी वेगळी परवानगी आली. पण पावले मोजणाऱ्या अ‍ॅपला तुमचे फोटो कशाला हवेत? नाही म्हणा. एखादी सोय खरोखर अडली तर नंतर देता येते.

वय, उंची, वजन आणि घड्याळ कोणत्या हातात बांधता हे मात्र खरे भरा. इथे वजनातून चार किलो हळूच वगळण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. अंतर, कॅलरी, व्यायामाची तीव्रता हे सगळे हिशेब याच माहितीवर बेतलेले असतात.

थरथर कोणासाठी?

नोटिफिकेशनच्या बाबतीत माझा सल्ला थोडा कडक आहे. सगळी बंद करा. एकही ठेवू नका. दोन दिवस तसेच वापरा, आणि ज्याच्यावाचून खरोखर अडले तेवढेच एकेक चालू करत जा. एकेक बंद करत जाण्याचा उलटा मार्ग लांबलचक आहे आणि माणूस मध्येच कंटाळतो. बहुतेकांची गरज थोडक्यात भागते: येणारा फोन, घरच्या तिघा-चौघांचे संदेश, औषधाची किंवा कामाची आठवण. ईमेल मनगटावर वाचून कोणाचे भले झालेले मी पाहिलेले नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट निराळी, कारण ते एकच अ‍ॅप आणि त्यात पन्नास ग्रुप. स्वस्त घड्याळांत व्हॉट्सअ‍ॅप चालू किंवा बंद एवढीच निवड असते. कोणाचा संदेश हवा आणि कोणाचा नको, हे तिथे ठरवता येत नाही. ते फोनवर ठरवायचे. फोनवर ज्या ग्रुपचा आवाज बंद कराल, त्याची थरथरही सहसा थांबते. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप यांना फोनवरच शांत करा आणि मग घड्याळात व्हॉट्सअ‍ॅप चालू करा.

ओटीपी मनगटावर दिसणे सोयीचे खरे, पण लोकलच्या गर्दीत वरची कडी धरून उभे असताना तुमचे मनगट शेजाऱ्याच्या नाकासमोर असते. स्पर्श केल्यावरच मजकूर दिसावा अशी सोय बऱ्याच घड्याळांत असते. ती चालू ठेवा.

मराठी वाचकांसाठी एक चाचणी पहिल्याच दिवशी करण्यासारखी आहे. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून स्वतःला 'ज्ञानेश्वरी', 'श्रीकृष्ण', 'कर्तृत्व' असे शब्द पाठवा आणि घड्याळावर काय उमटते ते पाहा. कमी किमतीच्या काही घड्याळांत देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. काहींत अक्षरे येतात पण जोडाक्षरे मोडून पडतात, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. कधी कधी घड्याळाचे सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर हे सुधारते. नाही सुधारले आणि तुमचे निम्मे संदेश मराठीत येत असतील, तर परत करायची मुदत संपण्याआधी निर्णय घ्या. डब्यावर लिहिलेल्या शंभर खेळांच्या प्रकारांपेक्षा ही गोष्ट रोज उपयोगी पडणारी आहे.

रात्रीची व्यवस्था वेगळी लावावी लागते. मनगट उचलले की पडदा उजळणे ही दिवसा सोय आणि रात्री उपद्रव आहे. कुशीवर वळलात की अंधाऱ्या खोलीत उजेड, आणि तो बहुधा शेजारी झोपलेल्याच्या डोळ्यांवर. झोपेच्या वेळा भरून ठेवल्या की त्या वेळात पडदाही मिटतो आणि थरथरही थांबते. नाट्यगृहासाठी अनेक घड्याळांत 'थिएटर मोड' असतो. फोन बंद ठेवण्याची विनंती प्रयोग सुरू होण्याआधी होते, पण टाळ्या वाजवताना चमकणाऱ्या मनगटांबद्दल अजून कोणी विनंती करत नाही. प्रयोगाला गेलात तर आपणहून करा. आणि पाहुण्यांसमोर बोलता बोलता मनगटाकडे नजर टाकली, तर तुम्ही संदेश वाचत असलात तरी समोरच्याला वाटते याला जायची घाई झाली आहे. घड्याळ कितीही हुशार असो, या हावभावाचा अर्थ अजून तोच आहे.

आकडे: मोजलेले आणि अंदाजाचे

घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे तुम्ही पाहिले असतील. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढते आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. हा चढउतार मोजून घड्याळ ठोक्यांचा दर काढते. म्हणजे ते हृदय पाहत नाही, कातडीवरून परतणारा उजेड पाहते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढच्या बऱ्याच गमतीजमतींचा उलगडा होतो. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा भरकटतो. थंडीत हातातला रक्तप्रवाह मंदावतो, मग वाचन अडते. मनगटावर गडद गोंदण असेल तर शाई प्रकाश गिळते. गुंडाळलेल्या टॉवेलला बांधले तरी काही घड्याळे टॉवेलचे ठोके सांगतात! यावरून लगेच फसवणुकीचा आरोप नको. परतणाऱ्या उजेडात लय शोधणे हे त्या यंत्राचे काम, आणि नसलेली लयही कधी कधी त्याला सापडते.

म्हणून बांधायची जागा महत्त्वाची. मनगटाच्या हाडावर नको, त्याच्या बोटभर वर, कोपराच्या बाजूला. पट्टा असा की घड्याळ सरकणार नाही, पण रक्तही आवळणार नाही. चालायला, पळायला जाताना एक भोक घट्ट करा आणि परत आल्यावर सैल. हातभर बांगड्या असतील तर त्या घड्याळाला ढकलत राहतात. घड्याळ दुसऱ्या हातात बांधा आणि तसे अ‍ॅपला सांगा.

खात्री करायची असेल तर शांत बसून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे ठेवून ३० सेकंद नाडी मोजा आणि दुप्पट करा. बसल्या जागी घड्याळ बहुधा दोन-चार ठोक्यांच्या आत जुळते. गडबड होते ती हालचालीत. झपझप चालताना आपली पावले मिनिटाला ११० ते १२० पडतात, आणि हाताच्या झोक्याची ती लय घड्याळ कधी कधी ठोक्यांची म्हणून पकडते. चालताना नाडी अगदी स्थिर ११६ दाखवत असेल तर मिनिटभर पावले मोजून पाहा. दोन्ही आकडे एकच निघाले तर थांबा आणि नाडी बोटांनी तपासा.

व्यायामाच्या तीव्रतेचे रंगीत पट्टे बऱ्याचदा '२२० वजा वय' या जुन्या सूत्रावर आखलेले असतात. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी सुचवलेले सूत्र वेगळे आहे: २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. साठीच्या माणसाला पहिले सूत्र १६० सांगते, दुसरे १६६. आणि कोणतेही सूत्र घेतले तरी प्रत्यक्ष माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तेव्हा पट्टा लाल झाला म्हणून दचकू नका. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम व्यायामाची खूण कोणत्याही पट्ट्याइतकी भरवशाची आहे.

माझ्या मते सगळ्यात कामाचा आकडा तो, ज्याची जाहिरात सर्वांत कमी होते: विश्रांतीच्या वेळचे ठोके. प्रौढ माणसात ते साधारण ६० ते १०० असतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांत किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांत त्याहून कमी. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. दोन-तीन आठवड्यांत तुमचा नेहमीचा आकडा कळतो, आणि मग तो चढलेला दिसला की कारण शोधता येते. जागरण, ताप, आदल्या रात्रीची पार्टी. स्त्रियांमध्ये मासिक चक्राच्या उत्तरार्धातही तो थोडा वर जातो. शेजाऱ्याशी तुलना करू नका. त्याचे ५८ आणि तुमचे ७२ यातून काहीच निघत नाही.

आता पावले. रोज १०,००० हा आकडा डॉक्टरांनी शोधला असा सार्वत्रिक समज आहे. तो आला जपानमधून. १९६५ साली यामासा कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजायचे यंत्र काढले, त्याचे नाव 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मोजयंत्र. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिकडे व्यायामाची हवा होती, नाव तोंडात बसले आणि आकडा जगभर गेला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७,००० अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर फायद्याची चढण सपाट झाली. तो एका वयोगटाचा अभ्यास आहे, सर्वांना लावायचा नाही. पण दहा हजार पुरे झाले नाहीत म्हणून रात्री साडेअकराला दिवाणखान्यात फेऱ्या मारणाऱ्यांनी तो जरूर ध्यानात घ्यावा. पहिले दोन आठवडे कोणतेही लक्ष्य ठेवू नका. तुमची खरी सरासरी दिसू द्या, मग त्यात हजार-दीड हजार घाला.

घड्याळ पावले पाहत नाही, हाताचा झोका पाहते. त्यामुळे कणीक मळताना, आरतीत टाळ्या वाजवताना, खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी हाणताना फुकटची पावले जमा होऊ शकतात. ढोलपथकातल्या मुलांनी मिरवणुकीनंतर आपला आकडा पाहावा, करमणूक होईल. उलट बाबागाडी ढकलताना, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना किंवा ट्रेडमिलचा दांडा धरून चालताना खरी पावले गळतात. मनातल्या मनात १०० पावले मोजत चाला आणि घड्याळाशी ताडून पाहा. ९५ ते १०५ मध्ये असेल तर चांगले चालले आहे.

कॅलरींबद्दल थोडक्यात: त्या आकड्यावर जेवणाचा हिशेब बसवू नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणे तपासली. ठोक्यांत सातांपैकी सहा ५ टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरींत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले, सर्वांत वाईट ९३ टक्के. त्यानंतर उपकरणे सुधारली असतील, पण मनगटावरून कॅलरी काढणे हा मुळातच अंदाज आहे. 'आज ४०० जळल्या' म्हणून बटाटेवड्यांची दुसरी प्लेट मागवायला तो परवाना नव्हे.

झोपेचेही तसेच. झोपेचे टप्पे खरे कळतात ते प्रयोगशाळेत, डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी नोंदवल्यावर. घड्याळ हालचाल आणि ठोके यांवरून अंदाज बांधते. किती वाजता झोपलात आणि उठलात हे ते बरे सांगते. गाढ झोप ५२ मिनिटे आणि स्वप्नांची ८१ मिनिटे, हे फार मनावर घेऊ नये. निश्चल पडून मालिका पाहणेही कधी कधी त्याला झोप वाटते, आणि दुपारची वामकुक्षी काही घड्याळे हिशेबातच धरत नाहीत. सकाळी ताजेतवाने उठून मग घड्याळातला ६१ गुण पाहून थकल्यासारखे वाटणारी माणसे असतात. २०१७ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी या झोपेच्या आकड्यांच्या ध्यासाला 'ऑर्थोसोम्निया' असे नावही दिले. तुमचे तसे होत असेल तर रात्री घड्याळ काढून ठेवा, एवढा सोपा उपाय आहे.

इथे मात्र सावध

रक्तदाब आणि साखर. या दोन आकड्यांच्या बाबतीत नरमाईने लिहिण्यात अर्थ नाही.

सुई न टोचता रक्तातली साखर स्वतः मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आपली मान्यता नाही, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. दंडाला चिकटवायचा साखरेचा सेन्सर वेगळा. तो कातडीखाली बारीक तंतू घालून मोजतो आणि घड्याळ फक्त त्याचा आकडा दाखवते. पण घड्याळच साखर सांगते असे कोणी म्हणत असेल तर त्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवणे जिवावर बेतू शकते.

रक्तदाबाचे थोडे निराळे. सॅमसंगच्या काही घड्याळांत ही सोय आहे, पण आधी दंडाला पट्टा बांधायच्या यंत्राने मोजून घड्याळाला तो आकडा शिकवावा लागतो आणि दर २८ दिवसांनी पुन्हा. म्हणजे खरे यंत्र घरात हवेच. असे काहीही न विचारता बोट ठेवताक्षणी '१२०/८०' दाखवणाऱ्या घड्याळाचा तो आकडा डॉक्टरांना सांगू नका, आणि त्यावरून गोळी वाढवू-घटवू तर नकाच. कोविडच्या लाटेत घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले होते. ते खणात असेल तर ऑक्सिजनसाठी मनगटापेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवा.

ठोक्यांच्या अनियमिततेची सूचना मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. अ‍ॅपल वॉच वापरणाऱ्या ४,१९,२९७ जणांचा स्टॅनफर्डचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशी सूचना फक्त ०.५२ टक्के लोकांना मिळाली, आणि त्यांच्यापैकी ज्यांनी पुढे छातीवर ईसीजीची पट्टी लावून तपासणी करून घेतली त्यांतल्या ३४ टक्क्यांत 'एट्रियल फिब्रिलेशन' हा ठोक्यांचा विकार आढळला. उरलेल्यांना खोटाच इशारा मिळाला असेही नाही, कारण हा विकार येतो-जातो आणि पट्टी काही दिवसांनी लागली होती. सूचना आली तर घाबरून रात्री इस्पितळ गाठायची गरज नाही, पण त्या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. याच्या उलट बाजूही सांगायला हवी: घड्याळाचा ईसीजी हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल आणि घड्याळ 'सामान्य' म्हणत असेल, तर घड्याळाचे ऐकू नका. १०८ ला फोन लावा.

आईवडिलांना भेट देणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईतून किंवा परदेशातून गावी येणारी मुले हल्ली आईबाबांसाठी घड्याळ आणतात, ते मुख्यतः पडल्याची सूचना मिळावी म्हणून. ही सोय सगळ्या घड्याळांत नसते. अ‍ॅपल वॉचमध्ये ती २०१८ पासून आहे आणि वय ५५ किंवा अधिक भरले तर आपोआप चालू होते. इतर घड्याळांत ती आहे का आणि चालू आहे का, हे सेटिंगमध्ये शोधून पाहावे लागते. शिवाय घड्याळात स्वतःचे सिम नसेल तर फोन जवळ हवा. फोन देवघरात आणि आई परसात, अशा वेळी सूचना जाणार कशी? तुम्ही गावाहून परत निघण्याआधी घराच्या आणि आवाराच्या कोपऱ्यांत फिरून जोडणी कुठपर्यंत टिकते ते पाहा. संकटात कोणाला फोन जावा, त्या यादीत शेजारच्यांचे नाव घाला. सातासमुद्रापलीकडच्या मुलाला आधी कळून उपयोग नसतो.

अक्षर मोठे करा, नको ते पडदे काढून टाका. आणि रोज चार्ज कोण करणार याचे उत्तर आधीच ठरवा. रोज चार्जिंग मागणारे घड्याळ ज्येष्ठांच्या हातात आठवडाभरात बंद पडलेले मिळण्याची शक्यता दाट; त्यांच्यासाठी दहा दिवस चालणारे साधे घड्याळ कधी कधी जास्त उपयोगाचे. मूळचा काळजी करणारा स्वभाव असेल तर ऑक्सिजन आणि ताणाचे आकडे त्यांच्या पडद्यावरून चक्क लपवून टाका. तासातासाला बोट ठेवून पाहत बसण्याने कोणाची तब्येत सुधारत नाही.

पाणी, घाम, पट्टा

'५ एटीएम' म्हणजे ५० मीटर खोल बुडी मारा असे नव्हे. ५० मीटर पाण्याइतका स्थिर दाब प्रयोगशाळेत सोसला, एवढाच त्याचा अर्थ. तलावात पोहायला चालते. गरम पाण्याची आंघोळ टाळा, कारण वाफ आणि साबण रबरी सील हळूहळू खराब करतात. गोव्याला समुद्रात उतरलात तर नंतर साध्या पाण्याने धुवा. पावसात थेंबांनी पडदा स्वतःच वेड्यासारखा हलू लागतो, त्यासाठी 'वॉटर लॉक' असते.

मनगटाला खाज किंवा लाल चट्टा उठला तर बहुधा कारण साधे असते: पट्ट्याखाली अडकलेला घाम आणि साबण. कोकणपट्टीच्या दमट हवेत हे जास्त. रोज पट्टा धुऊन, पूर्ण कोरडा करून मग बांधा, आणि दिवसातून तास-दोन तास मनगट मोकळे ठेवा. तरीही चट्टा जात नसेल तर पट्ट्याच्या किंवा गोंदाच्या रसायनांची अ‍ॅलर्जी असू शकते. २०१४ मध्ये फिटबिटने अशाच तक्रारींवरून 'फोर्स' हे मॉडेल बाजारातून परत मागवले होते. कापडी पट्टा लावून पाहा. बऱ्याच घड्याळांना २० किंवा २२ मिलिमीटरचा कोणताही पट्टा बसतो, कंपनीचाच महाग घ्यायला हवा असे नाही.

चार्जिंगला सर्वांत सोयीची वेळ आंघोळ आणि पूजेची. चार्जरच्या दोन टोकांवर घाम सुकून हिरवट थर साचतो, त्याने चार्जिंग अडते. कोरड्या मऊ कापडाने पुसा. प्रत्येक मॉडेलचा चार्जर बहुधा वेगळा असतो, तेव्हा प्रवासात विसरलात तर हॉटेलात उसना मिळणार नाही.

चालण्याचे, सायकलचे नकाशे मित्रांना दाखवणाऱ्यांनी एक प्रसंग आठवणीत ठेवावा. स्ट्राव्हा या अ‍ॅपने प्रसिद्ध केलेल्या जगाच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेघा उमटल्या, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आले की त्यातून लष्करी तळांच्या जागा ओळखू येतात. तुमच्या घराला लष्करी महत्त्व नसेल, पण रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा तुम्ही घरी नसता हे अनोळखी लोकांना सांगायचे कारण नाही. नोंदी 'फक्त मला' वर ठेवा आणि घराभोवतीचा भाग नकाशात लपवा.

घरात परीक्षार्थी असेल तर नीटला आणि इतर बऱ्याच परीक्षांना मनगटावर स्मार्टवॉच चालत नाही. ते आदल्या रात्रीच काढून ठेवायला सांगा, केंद्राच्या फाटकाशी ते सांभाळायला कोणी नसते. आणि एवढे सगळे करून दोन महिन्यांनी लक्षात आले, की तुम्ही यातला थरथरणारा गजर आणि हरवलेला फोन वाजवून शोधायचे बटण एवढेच वापरता, तरी हरकत नाही. गाद्यांच्या फटीतून फोन शोधून देण्याइतके उपयोगी काम माझ्या घड्याळाने दुसरे कोणतेच केलेले नाही. अगदीच नको झाले आणि भाच्याला द्यायचे ठरले, तर आधी तुमच्या अ‍ॅपमधून त्याची जोडणी तोडा, मग घड्याळातला सगळा मजकूर पुसा, आणि चार्जर सोबत द्यायला विसरू नका.